मायच्या तीन एकादशा

सौंसर-पांढुर्ण्याच्या मंडळींनो, आज मी नागपूरच्या दवाखान्यात भांडून आली, अन् मले त्याची काहीच लाज वाटून नाही राहिली.

चार दिवसांआधी माय अंगणात पडली अन् खुब्याचं हाड मोडलं. हाडाचे डॉक्टर म्हणाले, उद्या ऑपरेशन, उपाशी ठेवा. परवा दुपारपर्यंत ठेवली, तं कळलं हृदयाची तपासणीच बाकी आहे. काल पुन्हा उपाशी ठेवून ती झाली, पण भूल देणाऱ्या डॉक्टरले कोणी सांगितलंच नव्हतं. आज पुन्हा उपाशी!

मामा म्हणाले, "या वयात ऑपरेशन कायले? घरी नेऊ, खाटेवर सेवा करू."

माय पडल्या पडल्या बोलली, "तीन एकादशा झाल्या माह्या. आता मले चालाचं हाये."

मी फाइल उचलली अन् तिन्ही डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हटलं, "साहेब, एकदा तिघंही तिच्या खाटेपाशी या. त्याशिवाय मी हलत नाही."

आले. दहा मिनिटांत सगळं ठरलं. दुपारी ऑपरेशन झालं.

मामा, तुम्ही या ग्रुपवर आहात म्हणून इथंच सांगते. उद्या सकाळी डॉक्टर मायले उभं करणार आहेत. सेवा कराची आहे ना? या, एक हात तुम्ही धरा.