टिटॅनस आणि धनुर्वात

मुलांनो, दर रविवारी तुम्ही फोनवर एकेक इंग्रजी शब्द पुढे करता आणि मी त्याचं मूळ सांगते. गेल्या रविवारी धाकटीने विचारलं, "आजी, टिटॅनस कुठून आला?" पायात खिळा गेला म्हणून तिला इंजेक्शन दिलं होतं. मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. बोलून जमलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. नव्या लग्नाचे आम्ही दोघं भोसरीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. आजूबाजूला वर्कशॉपं उभी राहत होती. घरमालक गावातलेच, शेती सोडून लेथवर कामाला लागलेले. संध्याकाळी दंड फुगवून पोरांना बेटकुळी दाखवायचे, तिला ते बेडकी म्हणायचे. मी एकदा म्हटलं, इंग्रजीतल्या 'मसल'चा मूळ लॅटिन अर्थ छोटा उंदीर. कातडीखाली उंदीर पळतोय असं त्या लोकांना वाटायचं.

"अवो ताई, आमची बेडकी आन् त्यांचा उंदीर? सायबाच्या अंगात काय बी शिरतं!"

त्यांची बायको, मी त्यांना वहिनी म्हणे, चुलीपासून ओरडल्या, "तुमच्या अंगात आळस शिरलाय. आधी पानी भरा."

पुढे लेथवर त्यांचा तळहात चिरला. तिथे कुणाला लागलं की जखमेत ग्रीस दाबायचं आणि वर मशीन पुसायची चिंधी बांधायची, अशी रीत होती. रक्त थांबतं, काम अडत नाही. जखम भरत आली असताना एका सकाळी त्यांना भाकरी चावता येईना. दाढ दुखत असेल म्हणून घरच्यांनी लवंग दिली. दुपारी मान ताठली, तेव्हा टेम्पोतून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. इंग्रजी येतं म्हणून मलाही बरोबर घेतलं.

त्यांना अंधाऱ्या खोलीत ठेवलं. बाहेर भांडं वाजलं तरी त्यांचं अंग कमानीसारखं उचललं जाई. डॉक्टर माझ्याशीच इंग्रजीत बोलले. मी बाहेर येताच वहिनींनी माझा हात धरला.

"काय म्हनला डाक्टर?"

"टिटॅनस. आपण धनुर्वात म्हणतो तो."

टिटॅनसचं मूळ ग्रीक, ताणण्याचं. आपल्या 'ताण'शी त्याचं जुनं नातं. ग्रीकांना ताणलेलं शरीर दिसलं, आपल्या लोकांना वाकलेलं धनुष्य. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या आठवत होतं आणि त्यातलं काहीच कामाचं नव्हतं.

"धनुष्य हाय तर दोरी सोडवायचं औषिद आसंल की," वहिनी म्हणाल्या. "इचारा ना त्यास्नी इंग्रजीत. तुमचं ऐकत्याल."

मी परत आत जाऊन विचारलं. आणायला उशीर झाला, डॉक्टर म्हणाले. बाहेर वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"प्रयत्न करताहेत," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात ते गेले.

ती खोली आता नाही, ते वर्कशॉपही नाही. वहिनी आहेत. भोसरीतच थोरल्या मुलाजवळ राहतात. डॉक्टर त्या दिवशी खरं काय म्हणाले, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.