ओळीवर थांबलेली पट्टी

माझ्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ बँकेच्या जुन्या मेनफ्रेम कॉम्प्युटरवरचे निकामी डेटाबेस काढून टाकतात. पुसण्याच्या आज्ञांची स्क्रिप्ट मशीनच बनवतं. हे मात्र ती छापून आणतात आणि माझ्या काउंटरवर पट्टी धरून ओळ न् ओळ वाचतात.

"मशीनने लिहिलंय ना? चालवून टाका की."

"शेठ, लिहिलंय मशीनने, पुसणार मी."

परवा पट्टी थांबली. त्यांनी ऑफिसात फोन लावला. "मॅडम, हा पेन्शनवाला डेटाबेस खरंच बंद झालाय?" उत्तर ऐकून त्यांनी ती ओळ खोडली. "चालू आहे," एवढंच मला म्हणाले.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या यादीतून माझं नाव उडालं, तेव्हा सेक्रेटरी म्हणाला होता, "कॉम्प्युटरने काढलं." तेव्हापासून मी भांडतोय. येत्या निवडणुकीत सेक्रेटरी म्हणून ह्या वरच्या गृहस्थांनाच उभं करणार आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.