आई उतरली, गाडी गेली

जळक्या रबराचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मासळीच्या पाट्या प्रभादेवीहून दादरच्या बाजारात न्यायला आईने स्वतःच्या कमाईतून जुनी मोटार घेतली होती. ‘मुंबई आमची’ ओरडत फिरणाऱ्या माझ्या भावाने सभांना मिरवायला म्हणून तिची मागची चाकं रुंद केली आणि मागची बाजू खाली बसवून घेतली. सकाळी पाट्या चढल्या, आई बसली, आणि टायर मडगार्डला घासून धूर निघाला. तर हा दिवटा म्हणतो, “आये, तू उतर!” “माझे मासलीची गारी, नि मीच उतरू?” असं म्हणून तिने एक पाटी डोक्यावर घेतली नि चालू लागली. गाडी काय ऐटीत दिसायची, हे तो अजून नातवंडांना रंगवून सांगतो. गाडीमागून चालणारी आई कशी दिसत होती, ते नाही सांगत.