कट्ट्यावरचा संघ

खेळ संपला की मैदानाच्या कट्ट्यावर बसून आम्ही बास्केटबॉलचे काल्पनिक संघ काढतो. आमच्या क्लबचे सगळ्या काळांतले खेळाडू. पाच तुझे, पाच माझे, मग मनसोक्त भांडण. नियम एकच: जो अजून कोर्टवर उतरतो, त्याला घ्यायचं नाही.

काल मी बुटांच्या नाड्या सोडत होतो. बापूने संघ सांगायला सुरुवात केली. बास्केटखाली आपला दिनू. दिनू जाऊन आठ वर्षं झाली, पण कट्ट्यावर तो अजून पंचविशीचाच आहे. या संघांत कुणाचे गुडघे दुखत नाहीत, कुणाला दम लागत नाही. मला ते नेहमी छान वाटायचं.

"आणि लांबून टाकायला वसंता," बापू म्हणाला.

वसंता म्हणजे मी.

"काय हात होता त्याचा!" कुणीतरी म्हणालं. नियम मोडला, असं कुणीच म्हणालं नाही. अरे, आत्ताच तर खेळून आलोय, असं ओरडणार होतो. तेवढ्यात आठवलं, अख्ख्या खेळात मला एकानेही पास दिला नव्हता.

त्या संघात दिनू मला पास नक्की देईल. त्याचीच भीती वाटते.