दोन बोटांची ढोलकी

प्रेस मशिनमध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हा सगळ्यांना माझ्या नोकरीची काळजी पडली होती, मला ढोलकीची. नोकरी राहिली, कंपनीने स्टोअरला बसवलं. ढोलकी मात्र रहाटणीच्या घरात कपाटावर चढली. कंपनीत खंडेनवमीला मशिनची पूजा झाली की आरतीला ढोलकी माझीच असायची, ती आता स्पीकरवर लागू लागली. स्पीकर कुणासाठी थांबत नाही, कुणाबरोबर धावतही नाही. माणसं त्याच्यामागे फरफटत म्हणायची आणि मी मागे उभा राहून चिडायचो.

माझी मुलगी कुरुळीच्या एका कंपनीत कॅमेऱ्याने पार्ट तपासायचं काम करते. यंदा नवमीच्या आधी तिने माझ्यापुढे लॅपटॉप मांडला.

"बाबा, नुसता हवेत हात चालवा. कॅमेरा हात बघेल, लॅपटॉप ढोलकी वाजवेल."

डावा हात चालवला, घुमला. उजवा चालवला, गप्प. पुन्हा चालवला, तरी गप्प. तिने स्क्रीनमध्ये डोकं घातलं आणि तिचा चेहराच उतरला. अपुरा पार्ट दिसला की बाजूला काढायचा, ही तिची रोजची सवय. तोच नियम तिने हातालाही लावला होता. पाच बोटं दिसली तरच तो हात.

"म्हणजे घरीसुद्धा मी रिजेक्टच का?" मी तडकलो, आणि लगेच जीभ चावली. पोरगी रडत होती.

पुढचे दोन दिवस ती शिफ्ट संपवून आली की जेवायच्या आधी लॅपटॉप उघडायची. बोटं मोजायचं तिने काढूनच टाकलं. मनगट जितक्या जोरात खाली येईल, तितकी जोरात थाप. तिसऱ्या दिवशी उजवा हात बोलला. मी तो पुन्हा पुन्हा चालवत राहिलो.

नवमीला पोरीला घेऊन माझ्या कंपनीत गेलो, लॅपटॉप स्टुलावर ठेवला. "राव, हवेत डास मारताय व्हय?" एकाने चिडवलं. आरती सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला माणसं नेहमीसारखी घाईला आली, आणि मी त्यांच्याबरोबर लय वाढवली. कुणी मागे पडलं नाही. देव समोर होता खरा, पण मनातून हात जोडले ते मी पोरीला.

घरी येताना मनगट ठणकत होतं. मी ते चोळतोय हे तिने पाहिलं.

"फार दुखतंय का, बाबा?"

"दुखू दे," मी म्हणालो. "इतकी वर्षं हा हात गेलेल्या बोटांपायी दुखायचा. आज वाजवून दुखतोय."