सुनेची पाठराखीण

"याच्या मागं काय असेल?" असं पुटपुटत बाई खुर्चीवरून उठायच्या आणि स्टाफरूममध्ये येरझारा सुरू. चहा तसाच निवायचा. अशी पायाला भिंगरी लागलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या, राहायच्या माझ्या घरासमोर. नाद मात्र एका अशा भाषेचा, जी कुणीच लिहून ठेवली नाही. तिच्यातून फुटलेल्या भाषांचे शब्द शेजारी ठेवायचे आणि मूळ शब्द जुळवायचा. आपली सून, संस्कृतातली स्नुषा, रशियनमधली स्नोखा; या सगळ्यांच्या मागं 'स्नुसोस'. त्याच्याआधी फळ्यावर एक चांदणी काढायच्या.

"चांदणी म्हणजे हा शब्द कुणी ऐकलेला नाही, सर. अंदाज आहे."

बाजारात कन्नड बोलणाऱ्या बायकांना अडवून विचारायच्या, "सुनेला तुम्ही 'सोसे' म्हणता, ते आमच्या 'सून'वरनं आलं का हो?" बायका हसत पुढं जायच्या.

मग त्यांचा एकुलता मुलगा अणशीच्या घाटात मोटारसायकलच्या अपघातात गेला. सून गणेशगुडीला एका लॉजवर स्वयंपाक करायची, सुट्टी मिळाली की बाईंकडं यायची. तिथं पाहुणे आणणाऱ्या खानापूरकडच्या जीपवाल्यानं पुढं तिला मागणी घातली. तिनं नकार दिला. बाईंना म्हणाली, "तुमास्नी एकटं टाकून कुठं जाऊ?"

बाईंना चैन पडेना. चालू तासाला माझ्या वर्गाच्या दारात आल्या. "सर, सासू, दीर, जाऊ, सगळ्यांचे जुने शब्द जुळतात. पण सुनेचा दुसरा नवरा? त्याची मी कोण? याला शब्दच सापडत नाही."

"म्हणून लग्न अडवायचं का?"

त्या दारातूनच वळल्या. तडक गणेशगुडीची बस धरली. "तुझ्या मनात असेल तर माझ्यासाठी थांबू नकोस," एवढंच सुनेला म्हणाल्या. सून खूप रडली आणि हो म्हणाली.

शेजारीण म्हणाली, "सुनेचं लगीन कोण लावतं व्हय, बाई?"

"मी लावते."

बाईंच्या निवृत्तीनंतरच्या मे महिन्यात लग्न झालं. नवरीबरोबर पाठराखीण कोण जाणार, असं कुणी विचारेपर्यंत बाई जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या. पाठराखीण चार दिवसांत परतते. बाई परतल्या नाहीत.

शाळा उघडल्यावर एका सकाळी समोरच्या दारात जीप थांबली. जीपवाला एकटाच उतरला आणि कुलूप काढू लागला. मी जवळ जाऊन विचारलं, "बाई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या हाईत की. आमच्या सासूबाईंचा पलंग न्यायला आलोय. त्यास्नी आमची खाट टोचती."

पलंगाचं दुसरं टोक मी धरलं.