पहिल्या फेरीचे पेढे

पाच जागा होत्या, माणूस चौथ्या नंबरवर होता, आणि तरी तो पडला. मला हे अजून पचलेलं नाही.

इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये, आमच्या शेजारी एक आयरिश बाई राहतात. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. माझी मुलगी त्यांना आजी म्हणते, म्हणून मीही. त्यांचा धाकटा भाऊ तिकडे आयर्लंडच्या संसदेत खासदार होता. तीस वर्षांहून जास्त, एकाच मतदारसंघातून, एकदाही न हरता. मंत्रिपद एकदाच मिळालं, तेही लहानसं, आणि सरकार पडलं तसं तेही गेलं. "खुर्ची गरम व्हायच्या आत उठवलं बिचाऱ्याला," असं आजी सांगायच्या.

दर निवडणुकीला तो बहिणीला सांगायचा, ही शेवटची, मग मी तुझ्याकडे येतो. आणि दर वेळी निवडून यायचा. इकडे आजींची नजर अधू होत चाललेली. "तो स्वतःहून सोडणार नाही गं. लोकांनी घरी बसवलं तरच येईल," त्या म्हणायच्या. "मला त्याचा चेहरा दिसतोय तोवर बसवावं, एवढंच." मी हसायचे. मला ती थट्टा वाटायची.

मागे एकदा तो आठवडाभर इथे आला होता. नेमके तेव्हाच माझे बाबाही यवतमाळहून आले होते. आता, मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते. पण त्या कॉलेजच्या होस्टेलमध्ये मला जागा मिळावी म्हणून बाबा आमदाराच्या बंगल्याबाहेर दिवसभर उन्हात उभे राहिले होते. आमदार दिसलेच नाहीत. पीएनं फाटकातूनच परत पाठवलं.

त्यामुळे 'हे खासदार' म्हटल्यावर बाबा ताडकन उठले आणि काही केल्या बसेनात. शेवटी खासदारानेच त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. जेवताना त्याचा फोन वाजला. मतदारसंघातली कुणी बाई होती. तिच्या आईला हॉस्पिटलमधून घरी सोडणार होते आणि घरी पलंगाची सोय नव्हती. याने ताट बाजूला सारून सगळं ऐकलं, पेपर नॅपकिनवर लिहून घेतलं, आणि "करतो काहीतरी" म्हणून परत जेवायला लागला. सुट्टीवर! अमेरिकेत! बाबांचा घास हातातच राहिला. मला हळूच म्हणाले, "नक्की खासदारच आहे ना हा? पीए तर नाही?"

आजी म्हणाल्या, हे असंच चालतं. शनिवारी गावातल्या पबच्या मागच्या खोलीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, आणि मतदारसंघात कुणीही गेलं तरी अंत्यविधीला हजर राहायचं. तीस वर्षं त्याने हेच केलं.

मग ही निवडणूक आली. मतमोजणीच्या सकाळी आजींनी मला बोलावलं, कारण लॅपटॉपवरचे आकडे त्यांना वाचता येईनात. पहिल्या फेरीचा निकाल आला. सगळी मतं मोजून झाली, असं स्पष्ट लिहिलेलं. पाच जागा, हा चौथा. मी आनंदाने ओरडलेच. घरी पळाले, मिल्क पावडर काढली आणि मायक्रोवेव्हमध्ये पेढे केले. डबा घेऊन परत निघाले तर मुलगी म्हणते, "मॉम, डिड शी इव्हन आस्क फॉर स्वीट्स?"

"आजी, अभिनंदन! तोंड उघडा!"

"ठेव तो डबा," आजी म्हणाल्या. "अजून काही झालेलं नाही."

"अहो, सगळी मतं मोजली की!"

"पोरी, तिकडे लोक एकालाच मत देत नाहीत. पसंतीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे टाकतात. सगळ्यात खालचा उमेदवार बाद झाला की त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला जातात. मग त्याच्या वरचा बाद. शेवटपर्यंत असंच."

आणि मग मी दुपारपर्यंत ते बघत बसले. खालचा एकेक बाद होत होता आणि त्याची मतं भलत्याच लोकांना जात होती. सहाव्या, सातव्या नंबरवरचे वर सरकत होते. आमचा माणूस मात्र जिथल्या तिथे. थोडी मतं मिळायची, पुरेशी कधीच नाही. चौथ्याचा पाचवा झाला, पाचव्याचा सहावा. मी आकडा वाचला आणि परत वाचला.

"ज्यांच्या ज्यांच्या मयतीला गेला," मला राहवलं नाही, "त्यांच्या घरच्यांनी दुसरी पसंतीसुद्धा दिली नाही?"

आजींचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, यांना आता सावरायचं कसं? मी डबा उचलून पिशवीत घालायला लागले.

"तो इकडे दे," त्या म्हणाल्या.

चाचपडत त्यांनी एक पेढा घेतला आणि अख्खा तोंडात टाकला. सख्खा भाऊ पडला त्याचा पेढा! मी बघतच राहिले. रडत होत्या आणि खात होत्या.

तेवढ्यात त्याचा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला.

"पडलो गं," तो म्हणाला. आवाज बसलेला होता.

"कळलं. कधी येतोस?"

"परवा एक अंत्यविधी आहे. तो झाला की तिकीट बघतो."

"मेलेल्यांना मत नसतं रे. आता तरी सोड त्यांना."

तो हसला.

"किती दिवसांसाठी काढू तिकीट?" त्याने विचारलं.

"यायचं काढ," आजी म्हणाल्या. "परतीचं काढायचं नाही."

टुरिस्ट म्हणून आलेल्याला इथे जेमतेम तीन महिने राहता येतं. व्हिसावर इतकी वर्षं काढलेल्या मला ते पाठ आहे. मी तोंडावर बोलणारी बाई, कुणाची भीड ठेवत नाही. पण तेव्हा मी गप्प बसले आणि डबा त्यांच्या हाताजवळ सरकवला.